माने वाड्याची कवाडं

तंजावरच्या खाली, कावेरीच्या एका फाट्यावर वसलेल्या लहानशा गावात माने सरदारांचा वाडा आहे. नुकताच तो दुरुस्त होऊन लोकांना पाहायला खुला झाला. चुना नवा, खांबांना तेल दिलेलं. फक्त पुढच्या दरवाजाला कवाडं नाहीत, नुसती दगडी चौकट.

"दुरुस्तीवाले बसवणार होते. गाव आडवं आलं," वाडा दाखवणारे सेतुराव म्हणाले. हे म्हातारे गृहस्थ इथलेच. मराठी जुनी, तमिळ वळणाची. चौकटीत उभं राहून त्यांनी सांगितलं ते असं.

तंजावरास मराठ्यांचं राज्य असताना कऱ्हाडाकडची एक मुलगी या घरात सून होऊन आली. तिचं नाव तुकाबाई. निघताना आई म्हणाली होती, "पहिल्या बाळंतपणाला न्यायला येईन गं." पण मुलखात लढाया पेटल्या, वाटा बंद झाल्या. बाळंतपणं इथंच झाली. नवरा दरबारात, नोकरमाणसं तमिळ बोलणारी. तुकाबाई तमिळ शिकली, त्यात रागवायलाही शिकली; पण मुलांना थोपटताना तोंडी कृष्णाकाठच्याच ओव्या येत म्हणे. पुढे वाटा खुल्या झाल्या, तसे रामेश्वरचे यात्रेकरू याच रस्त्यानं जाऊ लागले. ओट्यावर येऊन ती प्रत्येकाला विचारी, "कऱ्हाडाकडचं कुणी आहे का?"

एका दुपारी ती आत निजलेली असताना दाराशी एक म्हातारी आली. पाय फुटलेले, काखेत वळकटी. देवडीवाल्याला ती काकुळतीनं काही सांगू लागली. त्याला मराठी कळेना. भुकेली असेल असं समजून त्यानं द्रोणभर भात दिला, हात जोडले आणि दार लावून घेतलं.

बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या एका यात्रेकरूला वाढताना त्याला आठवण झाली. "अम्मा, मागे एक म्हातारी आली होती. तुकी, तुकी म्हणत होती."

तिला तुकी म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

स्वार सुटले, रामेश्वरापर्यंत गेले. पण म्हातारी ज्या यात्रेकरूंबरोबर आली होती, तो जथा केव्हाच दुसऱ्या वाटेनं परतला होता. देवडीवाला पायांवर पडला. तुकाबाईनं त्याला बोल लावला नाही. "तू उपाशी नाही धाडलंस," एवढंच म्हणाली.

पुढे कऱ्हाडाकडचा एक यात्रेकरू आला, त्यानं सांगितलं. म्हातारी घरी पोचली आणि पावसाळ्यात वारली. जाईपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, "लेकीचं घर बघून आले. केवढं मोठं दार! सुखात असणार माझी तुकी."

तुकाबाई ऐकत राहिली. मग तिनं सुताराला बोलावून कवाडं उतरवली. म्हणाली, "माझी आई दार बघून गेली. मी इथं आतच होते."

सेतुरावांनी समोरच्या रस्त्याकडे हात केला. आजही या रस्त्यावरच्या कुठल्याही दारी कुणी अनोळखी म्हातारी आली, की त्या घरातली सून हातातलं काम टाकून उठते, आणि भात वाढण्याआधी तिला तिच्या लेकीचं नाव विचारते.