वसाहतीतलं लोखंडी शिल्प

मी एकदा नेम धरला होता, जे कळत नाही त्याला वाईट म्हणायचं नाही. त्या नेमाची ही गोष्ट.

नगराच्या टोकाला नव्या वसाहतीत एक वाकडंतिकडं लोखंडी शिल्प होतं. लोक म्हणत, "हे आहे तरी काय? भंगारात द्या!" वटपौर्णिमेलाच ते उचलायला क्रेन येणार होती.

वसाहतीत वड नव्हता, म्हणून त्या सकाळी सगुणाकाकूंनी शिल्पालाच सूत गुंडाळलं.

"काकू, मी वड नाही हो!" शिल्प म्हणालं.

"मग कोण आहेस?"

"तेच तर कळत नाही."

"मग कळेपर्यंत उभं राहा, बाळा."

क्रेन आली आणि थबकली. "पूजेचं सूत मी नाही बाई तोडणार," म्हणत रिकामीच परतली.

शिल्प अजून गोंधळलेलंच आहे, पण उभं आहे. सयांनो, न कळलेल्याला तुम्हीही थोडं उभं राहू द्या.