टिवलीचं वडावरचं घर

एक होती टिवली. इवलंसं शिंपी पाखरू. तिनं वडाची दोन पानं शिवली. टिप टिप टाका, टिप टिप टाका. झालं घर!

सकाळी कोयता आला. खटाक! फांदी गेली. घर गेलं. टिवली रडली. आता अंडी कुठे घालू?

भुर्र भुर्र गेली वडाकडे.
"वडा वडा, पान दे. माझं घर होईना."
वड म्हणाला, "वर्षभर कोणी फिरकत नाही. वटपुनव आली की कोयता घेऊन येतात! उरली ती पानं सुकली. पाणी नाही, पान नाही."

भुर्र भुर्र गेली तळ्याकडे.
"तळ्या तळ्या, पाणी दे. वड पान देईना, माझं घर होईना."
तळं म्हणालं, "पोटात पिशव्या, पोटात निर्माल्य. झरा बुजला. गाळ निघेना, पाणी नाही."

भुर्र भुर्र गेली कुदळीकडे.
"कुदळी कुदळी, गाळ काढ. तळं पाणी देईना, वड पान देईना, माझं घर होईना."
कुदळ म्हणाली, "घाण माणसांची, घाम माझा? हात लागेना, गाळ नाही."

भुर्र भुर्र गेली कावेरीकाकूकडे.
"काकू काकू, कुदळ उचल. कुदळ गाळ काढीना, तळं पाणी देईना, वड पान देईना, माझं घर होईना."
काकू म्हणाली, "थांब गं बाई! आज वडाची पूजा. उपास आहे मला."

पाटावर वडाची फांदी. फांदीला गुंडाळलेलं सूत. सुताखाली दोन शिवलेली पानं.
"काकू, हे माझं घर."

काकूनं पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अगं बाई! सात जन्मांचं मागत बसले, आणि तुझं याच जन्माचं घर मोडलं!"

पूजा राहिली. काकूनं पदर खोचला. शेजारणींना हाक मारली.

काकूनं कुदळ उचलली. खण् खण्!
कुदळीनं गाळ काढला. थप् थप्!
तळ्यानं पाणी दिलं. झुळझुळ!
वडानं पान दिलं. कोवळं, लालसर.
काकूनं पूजेचं सूत दिलं.
टिप टिप टाका, टिप टिप टाका. झालं घर!

पहिलं घर काही परत आलं नाही. वडाच्या अंगावर कोयत्याची खूण आहे. अजून आहे.

पुढच्या वटपुनवेला काकू वडाकडेच गेली. हातात कोयता नाही, पाण्याचा तांब्या. खुणेवरून हात फिरवून म्हणाली, "वडा, तू राहिलास रे. उपकार तुझे. तळ्या, तुझेही."

पानातून चार चोची डोकावल्या. टिविक! टिविक!

टिवलीला घर मिळालं. तसं, देवा, साऱ्या पाखरांना मिळू दे.