रेघेच्या टोकाचा त्रिकोण

"तुम्हीच सांगा भंतेजी, यात चूक कुठं आहे?"

शालनने कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

कागदावर एकच अक्षर होतं, जपानी लोकांच्या कांजी लिपीतलं. वर एक आखूड आडवी रेघ, खाली एक लांब, आणि वरून येऊन खालच्या रेघेवर टेकणारी एक उभी. अर्थ, माती.

म्हातारे भंतेजी मूळचे जपानचे. टेकडीवरच्या या विहारात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गावात कुणी वारलं की ते आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणे एका उंच लाकडी फळीवर त्या माणसासाठी अक्षर लिहीत. मग ती फळी विहारामागे उभी केली जाई.

शालनची आई जन्मभर दुसऱ्यांच्या धानात रोवणी करत राहिली. ती गेली तेव्हा भंतेजी म्हणाले होते, "हिचं अक्षर माती. वर्षाच्या दिवशी फळी उभी करू."

पण त्यांचा हात आता कापत होता. शालन म्हणाली होती, मी लिहीन. ते म्हणाले होते, शीक.

उद्या वर्ष होत होतं.

"चूक नाही," भंतेजी म्हणाले.

"मग लिहू ना जी फळी?"

"नको."

"काहून?"

भंतेजी कागदाकडे पाहत राहिले...

"चूक नाही म्हणता आणि लिहूही देत नाही! हा कुठला न्याय? मी विचारलं, शिकवता का? तुम्ही म्हणालात, पुस्तक आहे ना. पुस्तक आणलं. घरचं सगळं आवरून बसायचे. सूर्य, चंद्र, झाड, डोंगर, सगळं एकटीनं शिकले. जाऊबाई हसायची. म्हणायची, कांजी शिकायला पुस्तक कशाला? भात वेळला की झाली कांजी!"

भंतेजींना हसू आलं.

"तुम्हीही हसा! मी कॉलेजात गेले नाही म्हणून का? की बाईच्या हातचं अक्षर फळीवर चालत नाही? तसं असेल तर तोंडावर सांगा."

"तसं नाही, बाई."

"मग कसं?"

भंतेजींनी कागदावर बोट ठेवलं. प्रत्येक आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला एक छोटासा त्रिकोण होता. बॉलपेनने नीट कोरलेला, आतून भरलेला.

"हे काय?"

"त्रिकोण. पुस्तकात आहेत. एकही सोडला नाही मी."

"हं..."

ते उठले. कोपऱ्यातली कुंचली आणली, पाण्याची वाटी आणली आणि समोरच्या काळ्या फरशीकडे मान हलवली.

"इथं काढ. फक्त खालची रेघ."

"पाण्यानं?"

"पाण्यानं."

शालनने कुंचली भिजवली. रेघ ओढली. मग कुंचलीचं टोक उलटसुलट फिरवून रेघेच्या शेवटी त्रिकोण काढू लागली. तो होईना. एकदा लोंबला, एकदा फुटला, आणि ती पुसून पुन्हा काढायला लागेपर्यंत मागची रेघ वाळून गेली.

"नाही येत!" तिने कुंचली आपटली. पाणी भंतेजींच्या चिवरावर उडालं. "पेनानं येतो. मला पेनानंच लिहू द्या फळी."

भंतेजी तिच्याजवळ येऊन बसले. कुंचली पुन्हा तिच्या हातात दिली आणि आपल्या कापऱ्या हाताने तिचं मनगट धरलं.

दोघांच्या हातांनी मिळून रेघ निघाली. थरथरत, डावीकडून उजवीकडे. टोकाला आल्यावर भंतेजींनी तिचा हात किंचित खाली दाबला.

आणि तिथंच ठेवला.

शालनने हात उचलायला पाहिलं. त्यांनी उचलू दिला नाही.

कुंचलीतलं पाणी हळूहळू खाली उतरलं. रेघेच्या टोकाशी साचलं. एक छोटासा उंचवटा झाला. त्रिकोणासारखा.

शालन बघत राहिली.

"हा कुणी काढला?" भंतेजींनी विचारलं.

"कुणीच नाही... हात थांबला म्हणून झाला."

"जुन्या काळी कुणीतरी असं थांबलं. मग छापणाऱ्यानं त्या थांबण्याचा ठसा कोरला."

"म्हणजे वर्षभर मी काय काढत होते?"

"दुसऱ्याचं थांबणं."

तिचा चेहरा लाल झाला.

"हे आधी सांगता येत नव्हतं? वर्ष घालवलं माझं! एका शब्दाचं तर काम होतं!"

"सांगितलं असतं, तर तू थांबण्याचीही प्रॅक्टिस केली असतीस. घाईघाईनं."

"घाई नाही करायची तर काय करायचं? मागं कोण आहे माझ्या? आई गेली त्या दिवशीसुद्धा चुलीपाशी मीच होते. घर माणसांनी भरलेलं. याला चहा, त्याला पाणी. भाऊ ओसरीवर बसून रडत होता, लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. आणि मला विचारत होते, शालन, साखर कुठं ठेवलीय? तिला नेलं तेव्हा माझे हात पिठात होते, भंतेजी! थांब, असं मला कुणी म्हटलं नाही. एकानंही नाही!"



विहारात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर सागाची पानं वाजत होती. शालनची मान खाली गेली. डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडत राहिलं, तिने पुसलं नाही...

बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं. नजर कुंचलीवरच होती. तिचं टोक अजून तिथंच टेकलेलं होतं.

"आता तरी सोडा जी माझा हात," ती रागानेच म्हणाली.

"मी केव्हाच सोडला," भंतेजी समोरच्या खांबाजवळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनने काळ्या शाईने फळी लिहिली, आणि ऊन तापायच्या आत ती विहारामागे उभी केली.