साध्या पोशाखाचा हुकूम

दरबारात पंडितांचे श्लोकांवरचे वादविवाद ऐकून ऐकून नृहरशास्त्र्यांचे कान किटले होते. त्यात आज राजा जैत्रदेव इरेला पेटला होता.

"एका श्लोकाचे छप्पन्न अर्थ कसे? उद्यापासून मी सांगेन तोच अर्थ. दुसरा सांगेल तो राज्याबाहेर."

पंडितांचे चेहरे उतरले. म्हातारे नृहरशास्त्री काठी टेकत कसेबसे उठले.

"महाराज, दुष्काळ आहे म्हणून कालच आपण हुकूम काढलात, दरबारात साध्या पोशाखात यावं. जरा समोर पाहावं."

राजाने पाहिलं. सेनापतींनी अंगठ्या काढल्या होत्या, पण कंठा गळ्यात होता. प्रधानजी रेशमातच होते, फक्त पांढऱ्या. खजिनदार तर फाटकी बंडी घालून आले होते.

"हुकूम कालचा, आपल्याच बोलीतला," शास्त्रीबुवा थकल्या आवाजात म्हणाले. "काढणारे आपण समोर बसला आहात, तरी एकानंही येऊन अर्थ विचारला नाही. श्लोक रचणाऱ्या ऋषींना जाऊन तर युगं लोटली."

"सगळे आपापली सोय बघतात," राजा चिडला.

शास्त्रीबुवांची नजर त्याच्या मंदिलावरच्या मोत्यांच्या तुऱ्याकडे गेली.

"हा होय?" राजा तुरा चाचपत म्हणाला. "राजाला एवढं लागतंच. राजाचा साधेपणा निराळा."

"हेही एक भाष्यच झालं, महाराज. आता राज्याबाहेर कुणाकुणाला निघायचंय तेवढं सांगा, म्हणजे मी बसतो. गुडघे दुखायला लागलेत."