खोलवाडीचे पाहुणे

एकदा काय झालं, कोकणात खोलवाडी नावाचं एक गाव होतं. तिथे एक रीत होती. दर तीन वर्षांनी सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहायला जायचं. त्याला म्हणायचे गावपळण. मग तीन रात्री गाव कुणाचं? भुतांचं. डोळे मोठे करू नका, त्यांनाही घर लागतं की. मग गुरव देवाला कौल लावायचा. उजवीकडचं फूल पडलं की सगळे परत.

एका खेपेला फूल पडेचना. लोक थांबले, थांबले, आणि मग कंटाळून एकेक घर परगावी गेलं. पाल्याच्या झोपड्यांत उरली चार माणसं, त्यांत गुरव, आवडी आणि तिचा नवरा. आवडीला दिवस गेले होते, बरं का. बाळ आपल्याच घरात जन्मावं, एवढंच तिला हवं होतं.

मग एका दुपारी सगळ्यांचा डोळा लागल्यावर ती हळूच गावात शिरली. ऊन सांडलेल्या दुधासारखं पसरलं होतं. पहिल्या अंगणात एक भूत झाडत होतं, पण पाचोळा हलत नव्हता. मग विहिरीवर एक भूत पाणी शेंदत होतं, पण घागर भरत नव्हती. मग आवडीच्याच घराच्या ओटीवर एक म्हातारं भूत गाठोडं बांधून बसलं होतं. आवडी भित्री होती हो, तुमच्यासारखीच. तरी तिनं विचारलं, "आजोबानू, अजून हयच बसलास?"

"निरोप मिळाल्याबिगर पावणो उठात कसो, बाय? दर खेपेक तुजी सासू हातार दही घाली. आता ती नाय."

सासू हे गुपचूप करायची, कुणाला ठाऊकच नव्हतं. ती वारली, आणि मग भुतं निरोपासाठी आत खोळंबली, माणसं कौलासाठी बाहेर.

मग आवडी दह्याचं मडकं घेऊन आली. भुतांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातावर थोडं दही, "परत येवा हां." एकेक भूत विरत गेलं. शेवटचा हात पुढे आला आणि आवडी थबकली. हात सासूचा होता. निरोप द्यावा तर सासू जाणार, न द्यावा तर बाळाला घर नाही. तिला खूप रडू आलं. मग तिनं उरलेलं सगळं दही त्या हातावर ठेवलं. "परत येवा हां, आये."

संध्याकाळी फूल पडलं. माणसं परतली, चुली पेटल्या, आवडीला घरातच मुलगी झाली.

पुढच्या गावपळणीला आवडी लेकीला कडेवर घेऊन निरोप द्यायला गेली. शेवटच्या हातानं दही लगेच घेतलं नाही. आधी तो नातीच्या गालावरून फिरला.

मग गाव सुखात राहिलं, भुतंही सुखात राहिली. आणि तुम्ही आता पांघरूण ओढा नि गुपचूप झोपा.