पितळेचे मस्तक आणि सुभाना पाणाड्या

एका राज्यात, जिथे सात विहिरींना सात चवींचे पाणी होते, एका मांत्रिकाने राजा वज्रसेनाला पितळेचे मस्तक दिले. काहीही विचारा, मस्तक उत्तर देई. मात्र दर उत्तरामागे राज्यातले घागरभर पाणी नाहीसे होई. वैद्याने रोग्याची नाडी सोडली आणि मस्तकाला विचारले. सुनांनी पीठ किती मळावे तेही विचारले. विहिरी एकेक करून मुक्या झाल्या.

सुभाना हा तिथला पाणाड्या. अनवाणी चालत जाऊन, तळपायाला गारवा लागेल तिथे खणायला सांगणे हे त्याचे पिढीजात काम. पण त्याने पायात वहाणा चढवल्या आणि पाण्याच्या जागा मस्तकालाच विचारल्या. मस्तक जी जागा सांगे, तिथले पाणी सांगता सांगताच आटे. अशा वीस जागा त्याने विचारून मारल्या.

आता त्याची चार वर्षांची लेक जाई वाळत चालली होती. उचलली की पाचोळ्यासारखी वाजे. तिची सावली आधीच वाळून गळाली होती. आईने ती घडी घालून पेटीत ठेवली होती.

"पुन्हा विचारायला जाऊ नका," बायको कोंडाबाई म्हणाली. "देवाने पाय दिलेत, ते झिजवा."

वाटेत कोरड्या तळ्यात टिटवी बसली होती. पोर वाचवायची तर काय करायचे, अशी तीन कामे तिने त्याला सांगितली: पायांनी पाणी शोध, मस्तकापुढे तोंड उघडू नकोस, आणि राजाकडून त्याचे स्वतःचे एक उत्तर मिळव.

सुभानाने वहाणा फेकल्या. तळवे बधिर झाले होते. तापल्या खडकांवर तो तीन दिवस चालला, कातडी सोलली, तेव्हा कुठे पायांना जाग आली. गारवा त्याला थेट दरबारात घेऊन गेला, सिंहासनाखाली.

सिंहासनाशेजारचे मस्तक त्याच्या मेलेल्या बापाच्या आवाजात बोलले, "सुभान्या, पोर वाचेल का, एवढं तरी विचार."

सुभानाने जीभ दाताखाली धरली. तोंडात रक्त आले, तेवढाच ओलावा.

मग त्याने राजाला सिंहासन हलवून खाली खणण्याची परवानगी मागितली. राजाची मान सवयीने मस्तकाकडे वळली.

"महाराज, ते सांगेल आणि हेही पाणी आटेल. तुम्ही सांगा."

राजा विचाराला बसला. दिवस कलला, तरी कुणी हलले नाही.

"आणि चुकलो तर?"

"तर चूक तुमची असेल. आजवर तीही तुमची नव्हती."

राजा उठला. "खणा."

 मस्तक म्हणाले, "मला नाही विचारलंत." आणि उभे तडकले. पहिल्या घावाला गढूळ पाणी वर आले, दुसऱ्याला नितळ. सात विहिरी भरल्या. जाईने ओंजळ पिऊन आणखी मागितले.

मांत्रिक कुठे गेला, कुणी विचारले नाही. सिंहासन आता झऱ्याकाठी उघड्यावर असते. राजाचे निवाडे उशिरा लागतात, कधी चुकतातही. चुकले की लोक तोंडावर सांगतात, आणि राजा पुन्हा विचाराला बसतो.