तांबटाच्या घरचं बारसं

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात एक तांबट राहायचा. हातात कला अशी, की त्याने ठोकलेल्या कळशीवरून नजर हलू नये. पण गावात तांबट झाले उदंड आणि गिऱ्हाइकं तेवढीच. मग काय, त्याने ऐरण-हातोडी गाडीत टाकली, बायकोला घेतलं आणि थेट उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात जाऊन बिऱ्हाड थाटलं.

धंदा चांगला चालला. तिथे माणसांना सकाळ-संध्याकाळ गरम पाणी लागायचं, त्यामुळे तांबटाच्या बंबांना मरण नव्हतं. माणसंही भली होती. दुकानात यायची, हसून बोलायची. पण वर्ष उलटलं तरी एकाही शेजाऱ्याने त्याच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

तांबटाला हे फार लागलं. “बर्फात राहून यांची मनंही गारठलीत,” तो बायकोला म्हणायचा.

“अहो, पण तुम्ही कधी कुणाला ‘या’ म्हणालात का?”

“या म्हणायला ते काय पाहुणे आहेत? शेजारी आहेत ना?”

आता त्याचंही चुकत नव्हतं बरं का. त्याच्या गावची रीतच तशी होती. घरात कार्य निघालं की दार सताड उघडं टाकायचं. उघडं दार बघून शेजारीपाजारी आपण होऊन येणार, कामाला हात लावणार, जेवून जाणार. शेजाऱ्याला आवतण देणं म्हणजे त्याला तोंडावर परका म्हणणं. आणि भरदिवसा कुणाचं दार लावलेलं दिसलं, तर लोक समजायचे की या घरात सुतक आहे.

अशात तांबटाला मुलगी झाली. शेजारच्या म्हातारीला सुइणीचं काम येत होतं. त्या दिवशी तांबटाने धावत जाऊन तिला बोलावलं, तिने बाळंतपण नीट पार पाडलं आणि ती आपल्या घरी गेली. तांबटाला मात्र आभाळ ठेंगणं झालं. दुकानात येईल त्याला तो सांगत सुटला, “बाराव्या दिवशी बारसं आहे हं आमच्या मुलीचं!” फक्त ‘या’ तेवढं म्हणाला नाही.

बारशाची त्याच्याकडची रीत मोठी गोड होती. शेजारणींनी पाळणा हलवायचा, बाळाच्या कानात नाव सांगायचं. नुसत्या आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी खरं धरत नसे. आणि बाराव्या दिवशी दिवस मावळायच्या आत नाव पडलं नाही, तर लेकरू जन्मभर पोरकं राहतं, अशी पक्की समजूत.

बाराव्या दिवशी घरात नुसती धांदल उडाली. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या, वेलदोड्याचा वास गल्लीभर पसरला. पाळण्यावर लाकडी पोपट टांगले. तांबटाने नवं धोतर नेसून दार सताड उघडलं आणि उत्सुकतेने तो वाट बघत बसला. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

पहिला आला गिरणीवाला. तांबट हसत उठला, तोवर गिरणीवाल्याने मान खाली घालून दार अलगद लोटून घेतलं आणि तो निघून गेला. तांबटाने दार पुन्हा उघडलं. मग एक मेंढपाळीण आली, तिनेही लावलं. त्याने पुन्हा उघडलं. मग गावचा मुखिया आला. त्याने दार तर लावलंच, वर उघडू नये म्हणून तो बाहेरून एक दगडही टेकवून गेला.

तांबटाचा चेहरा उतरला. “माझ्या जिवंत पोरीचं सुतक पाळतायत हे लोक. उद्या गाडी भर, आपण परत जाऊ.”

“गाडी उद्या भरू,” बायको म्हणाली. “नाव आज ठेवायचंय. उठा, जाऊन बोलावून आणा.”

“दारोदार फिरून हात पसरू? आमच्या सात पिढ्यांत कुणी असं केलं नाही.”

बायकोने पोरीला उचलून त्याच्या हातात दिलं. दिवस कलायला लागला होता. तांबटाने त्या एवढ्याशा तोंडाकडे बघितलं आणि पोरीला आईच्या कुशीत परत देत तो म्हणाला, “नाक कापलं गेलं तर माझं जाईल. हिचं नाव जायला नको.” आणि दगड ढकलून तो बाहेर पडला.

त्याने शेजारच्या म्हातारीचं दार वाजवलं. दार उघडलं आणि तो बघतच राहिला. म्हातारी नवी शाल पांघरून, हातात लोकरीचं टोपडं घेऊन बसली होती. मागे गिरणीवाला, मेंढपाळीण, मुखिया आणि निम्मं गाव, सगळे नटूनथटून.

“सकाळपासून बसलोय रे बाबा,” म्हातारी म्हणाली. “त्या वासाने जीव कासावीस झालाय आमचा.”

“मग आला का नाहीत?”

“न बोलावता? आम्हाला काय हावरट समजलास? बोलावल्याशिवाय कुणाच्या चुलीपाशी जाऊ नये, हे आमच्यात लेकरालाही शिकवतात.”

“आणि दार का लावत होतात?”

“अरे, घरात ओली बाळंतीण आणि दार वाऱ्यावर! सगळं गाव आळीपाळीने तुझ्या दारावर लक्ष ठेवून होतं.”

तांबटाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. वर्षभर आपण यांना थंड समजत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने हात जोडले. “बोलावतो. या, सगळे या.”

मग काय विचारता! घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकांना पाळणागीत येत नव्हतं, त्यांनी मेंढरं घरी बोलवायचं गाणं म्हटलं. दिवस मावळायच्या आत म्हातारीने कानात नाव सांगितलं, “बकुळा.” पोर ढाराढूर झोपली होती.

निघताना म्हातारी म्हणाली, “पुन्हा बोलाव हो.”

“आता नाही बोलावणार,” तांबट म्हणाला. सगळे दारातच थबकले. “आजी, आज तुमच्या रीतीने बोलावलं. यापुढे माझ्या रीतीने या. दार लावलेलं असेल, तुमच्या थंडीचा मान राखून. पण आतून कडी नसेल. उघडा आणि या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. तांबट उठायला गेला, तर बायकोने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग दार चार बोटं सरकलं, आणखी थोडं सरकलं, आणि शरमेने लालबुंद झालेली म्हातारी आत आली.

“मला कुणी बोलावलं नाही,” ती म्हणाली. “पण मी आले.”

“बसा,” तांबटाची बायको म्हणाली आणि तिने पाट मांडला.

तात्पर्य काय, तर परक्या मुलखात आपली रीत टाकूनही द्यायची नसते आणि तिला कवटाळूनही बसायचं नसतं. एक पाऊल आपण बाहेर टाकलं, की समोरचाही एक पाऊल आत टाकतो.